उजेडात सुटणारा नायट्रिक ऑक्साइड

अकरावी-बारावीला किंवा बीएस्सीला ज्यांनी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल केलंय त्यांना लॅसेन टेस्ट नक्की आठवत असेल, सोडियमचा छोटा तुकडा तपासायच्या पदार्थाबरोबर फ्युजन ट्यूबमध्ये लाल होईपर्यंत तापवायचा, ट्यूब तशीच पाण्यात बुडवून फोडायची, गाळायचं, आणि त्या अर्कात सोडियम नायट्रोप्रुसाइडचे एक-दोन थेंब टाकले की सल्फर असेल तर मस्त जांभळा रंग. पॅथॉलॉजी लॅबवाल्यांना हेच द्रव्य रोथेरा टेस्टमुळे माहीत असतं, लघवीत कीटोन असले की जांभळी रिंग येते ती यानेच. आणि आयसीयूत काम करणाऱ्यांची याच्याशी ओळख वेगळ्याच कारणाने झालेली असते, बीपी एकदम हाताबाहेर गेलेल्या पेशंटला नायट्रोप्रुसाइडचं ड्रिप लावतात, ते पण हेच.

म्हणजे एकच मीठ, लालसर तपकिरी खड्यांचं, आणि तीन ठिकाणी तीन कामं. मला त्याचं जे सगळ्यात आवडतं ते चौथंच आहे. त्याच्या रेणूत मधोमध लोखंडाचा अणू, त्याच्याभोवती पाच सायनाइड आणि सहाव्या जागेवर एक नायट्रिक ऑक्साइड, आणि हा सहावा जो आहे तो उजेड पडला की सुटतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टपासून मी याच प्रकारच्या कॉम्प्लेक्सेसमध्ये (मधे धातू आणि त्याला चिकटलेले रेणू, अशी संयुगं) अडकलेय, तेव्हा लोखंडाऐवजी रुथेनियम हा धातू होता एवढाच फरक. त्यामुळे खूप दिवस डोक्यात होतं की यावर आपल्या भाषेत एकदा सविस्तर लिहायचं.

आधी ड्रिपबद्दल. माझी ताई आयसीयूत सिस्टर आहे. तिला मी एकदा फोनवर विचारलं की तुम्ही एसएनपी, म्हणजे सोडियम नायट्रोप्रुसाइड, लावता तेव्हा नेमकं काय काय करता, तर ती म्हणाली, "अगं, आधी फॉइल. व्हायल काढली, पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळली, की लगेच फॉइल गुंडाळायची, मग पंपाला लावायची. आणि रंग बघत राहायचा." रंग का, असं विचारल्यावर म्हणे, "निळा नाहीतर हिरवा दिसला तर सरळ फेकून द्यायचं, विचारत बसायचं नाही कोणाला." ताईने केमिस्ट्री बारावीनंतर सोडली, पण या दोन वाक्यांत तिने फोटोकेमिस्ट्रीचा अख्खा धडा सांगितला. चांगलं द्रावण फिकट तपकिरी-नारिंगी असतं. उजेडात ठेवलं की एनओ सुटून जातो (यापुढे एनओच लिहिते, दरवेळी पूर्ण नाव लांबतं), मग उरलेल्या तुकड्यावरचे सायनाइड सैल पडायला लागतात आणि लोखंड-सायनाइडचे निळे-हिरवे संयुक्त प्रकार तयार होतात. म्हणजे औषध बाटलीतच संपतं आणि पेशंटच्या शिरेत जातं ते सायनाइडवालं पाणी. वजनाने बघितलं तर या मिठात जवळजवळ ४४ टक्के सायनाइड आहे, त्यामुळे ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी अजिबात नाही. डोससुद्धा मिनिटाला किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, सुरुवात ०.३ ने, आणि कमाल १० ची पातळी दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवायची नाही असा नियम आहे. शरीरात सुटणारं सायनाइड लिव्हरमधलं ऱ्होडानीज नावाचं एन्झाइम सल्फर जोडून थायोसायनेटमध्ये बदलतं, म्हणूनच जास्त झाल्यास थायोसल्फेट देतात, सल्फरचा पुरवठा व्हावा म्हणून.

या मिठाचा इतिहास पण भारी आहे. १८४९ मध्ये लायन प्लेफेअर यांनी ते नीट तयार करून वर्णन केलं, आणि हे प्लेफेअर जन्मले कुठे तर आपल्याकडे गंगेकाठच्या चुनारला, १८१८ मध्ये. बीपी खाली आणण्याचा त्याचा गुण १९२० च्या दशकात लोकांच्या लक्षात आला, पण अमेरिकेत औषध म्हणून रीतसर मंजुरी मिळायला १९७४ उजाडलं. आणि गंमत म्हणजे ते बीपी का उतरवतं हे तोवरही कोणाला धड माहीत नव्हतं.

कारण एनओ हा शरीरात काही काम करतो असं कोणाच्या मनातही नव्हतं. गाडीच्या धुरातला वायू तो, धुरकं तयार करणारा. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं की रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलीन दिल्यावर ती सैलावते, म्हणजे अस्तरातून काहीतरी निरोप बाहेरच्या स्नायूकडे जातोय. तो निरोप म्हणजे एनओ, हे १९८६-८७ च्या सुमारास पक्कं झालं. आर्जिनीन नावाच्या अमिनो आम्लापासून अस्तराच्या पेशी तो बनवतात, तो शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, तिथल्या ग्वानिलेट सायक्लेज एन्झाइमच्या हीममधल्या (हिमोग्लोबिनमध्ये असतो तोच लोखंडवाला भाग) लोखंडाला चिकटतो, त्यातून सायक्लिक जीएमपी नावाचा पेशीतला रेणू वाढतो आणि स्नायू ढिला पडतो. सगळा खेळ काही सेकंदांचा, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन एनओला लगेच गिळून टाकतं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. तोच रेणू तो निरोप्या आहे हे १९८७ मध्ये मोजून दाखवणाऱ्या साल्वादोर मोंकाडा यांचं नाव त्यात नाही याचं मला आजही वाईट वाटतं, तीनच जणांचा नियम असला तरी.

पण मला फर्चगॉट यांचं दुसरंच काम जास्त जवळचं वाटतं, जे नोबेलच्या गोष्टीत फारसं कोणी सांगत नाही. १९५५ मध्ये, म्हणजे एनओचा पत्ताही नसताना, त्यांनी एक निरीक्षण छापलं होतं, की सशाच्या महाधमनीच्या कापलेल्या पट्ट्यांवर प्रकाश टाकला तर त्या सैल पडतात आणि प्रकाश बंद केला की परत आखडतात. कुठलंही औषध न घालता. पुढे १९६१ मध्ये त्यांनी त्यावर आणखी एक पेपर लिहिला. उजेडाने रक्तवाहिनी उघडते, हे त्या माणसाने डोळ्यांनी बघितलं होतं आणि पंचवीस वर्षांनी तोच माणूस त्या निरोप्याच्या मागावर निघाला, हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तोच पेपर उलटसुलट वाचत बसले होते.

आता उजेड पडल्यावर धातूवरचा एनओ का सुटतो ते. एनओ हा विचित्र लिगँड (धातूला चिकटणारा रेणू) आहे, त्याच्याकडे एक सुटा इलेक्ट्रॉन असतो आणि धातूला चिकटताना तो इलेक्ट्रॉन कुणाचा यावर कायम वाद. नायट्रोप्रुसाइडमध्ये साधारण असं धरतात की लोखंड फेरस (दोन प्लस) आहे आणि एनओ हा एक इलेक्ट्रॉन देऊन एनओ प्लस होऊन बसलाय. लोखंड आपल्या डी ऑर्बिटलमधला थोडा इलेक्ट्रॉनभार त्याच्याकडे सरकवतं आणि त्यामुळे बंध चांगला घट्ट राहतो, अंधारात तुम्ही ते मीठ वर्षानुवर्षं ठेवा, काही होत नाही. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आला की धातूकडचा एक इलेक्ट्रॉन एकदम वरच्या, धातू-एनओ बंधाच्या विरोधात जाणाऱ्या ऑर्बिटलमध्ये चढतो, हिशोबाने लोखंड फेरिक (तीन प्लस) होतं आणि एनओ प्लसचा साधा एनओ, आणि फेरिक लोखंड साध्या एनओला नीट धरून ठेवू शकत नाही. तो निघतो, आजूबाजूच्या पाण्याचा रेणू त्या रिकाम्या जागेवर येऊन बसतो, आणि पाणी एकदा बसलं की परतीची वाट अवघड होते.

सगळेच निघतात असं पण नाही. काही एनओ धातूपासून थोडे दूर जाऊन परत येऊन चिकटतात, म्हणून शंभर फोटॉन शोषले तर किती एनओ खरोखर बाहेर पडले हा आकडा, क्वांटम यील्ड, या क्षेत्रात सगळ्यात आधी विचारला जातो. आणि द्रव नायट्रोजनइतक्या थंडीत, क्रिस्टलच्या आत, जिथे पळायला जागाच नाही, तिथे तर अजून वेगळंच होतं. १९७७ मध्ये जर्मनीत हाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मॉसबाउअर स्पेक्ट्रममध्ये (गॅमा किरणांनी लोखंडाची अवस्था तपासायची पद्धत) दिसलं की प्रकाश टाकल्यावर नायट्रोप्रुसाइडची एक नवीनच, दीर्घकाळ टिकणारी अवस्था तयार होते. ती नेमकी काय हे वीस वर्षांनी बफेलोच्या फिलिप कॉपेन्स यांच्या ग्रुपने क्ष-किरणांनी दाखवलं, एनओ तिथल्या तिथे उलटा होऊन ऑक्सिजनच्या बाजूने लोखंडाला चिकटतो, आणि दुसऱ्या एका अवस्थेत आडवा पडून दोन्ही बाजूंनी. मला हे चित्र पहिल्यांदा बघितल्यावर आलेला काटा अजून आठवतो, एवढासा दोन अणूंचा रेणू आणि त्याला घट्ट कोंडून उजेड दाखवला तर तो कूस बदलतो.

लॅबमध्ये हे सगळं दिसतं कसं, तर आमच्यासाठी सगळ्यात विश्वासू खूण म्हणजे आयआर, इन्फ्रारेड स्पेक्ट्रम. आमच्या रुथेनियमसारख्या कॉम्प्लेक्सेसमध्ये धातूवरच्या एनओचा बँड बहुतेक वेळा १८५० ते १९५० (एकक प्रति सेंटिमीटर) च्या आसपास येतो, आणि तिथे दुसऱ्या कुणाची गर्दी नसते, त्यामुळे तो एकटाच उंच उभा असतो. झेनॉन लॅम्पखाली सॅम्पल ठेवायचं, मधे मधे स्पेक्ट्रम घ्यायचा, बाकी सगळं जवळपास तसंच आणि हा एकच बँड बसत जातो. केव्हेटमध्ये (द्रावण ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) यूव्ही-विझिबल स्पेक्ट्रम बघितला तर एका बाजूचा पट्टा उतरतो, दुसऱ्या बाजूला नवीन चढतो आणि मधे एका बिंदूतून सगळ्या रेषा जातात, तो बिंदू धरून राहिला की समजायचं एका पदार्थाचं सरळ दुसऱ्या पदार्थात रूपांतर चाललंय, मधे भानगड नाही. पण या दोन्हीमधून धातूचं काय झालं ते कळतं, एनओ खरंच बाहेर पडला का ते वेगळं दाखवावं लागतं, नाहीतर रिव्ह्यूअर पेपर परत पाठवतो आणि बरोबरच करतो.

त्यासाठी ग्रीस रीएजंट, नायट्राइट ओळखणारं द्रव्य. बाहेर पडलेला एनओ पाण्यातल्या ऑक्सिजनशी भिडून नायट्राइट होतो, ते नायट्राइट सल्फॅनिलामाइडशी डायॲझो करतं आणि दुसऱ्या घटकाशी जोडलं गेलं की गुलाबी, मजेंटाकडे झुकणारा रंग, ५४० नॅनोमीटरच्या आसपास मोजायचा. दोन व्हायल शेजारी ठेवायच्या, दोन्हीत तेच द्रावण, एक उघडी लॅम्पखाली आणि दुसरी फॉइलमध्ये गुंडाळलेली. फॉइल सोडली आणि आतलं द्रावण तसंच फिकट दिसलं, उघडीतलं गुलाबी झालं, की त्या दिवशी कॅन्टीनचा चहासुद्धा चांगला लागतो. फॉइलवाली पण गुलाबी झाली तर तुमचं कॉम्प्लेक्स अंधारातही गळतंय, औषध म्हणून त्याचा उपयोग नाही, मग बाकीचे आकडे कितीही सुंदर असोत.

आता मूळ मुद्दा. नायट्रोप्रुसाइड उजेडाला घाबरतं म्हणून आपण ते फॉइलमध्ये झाकतो, आणि शरीरात गेल्यावर तिथल्या थायोलसारख्या, म्हणजे गंधकवाल्या, रेणूंशी रिॲक्शन होऊन त्यातला एनओ सगळीकडे एकदम सुटतो, बीपी अख्ख्या शरीराचं उतरतं. आयसीयूत तेच हवं असतं. पण समजा मला एनओ फक्त एका जखमेत हवाय, किंवा एका गाठीत, आणि बाकी कुठेही नकोय. एनओचं वागणं प्रमाणावर ठरतं, नॅनोमोलार पातळीला तो वाहिन्या सैलावतो आणि पेशींना जगायला मदतही करतो, हजारपट जास्त, मायक्रोमोलारला गेला की जंतू आणि कॅन्सरच्या पेशी मारतो. आपल्या पांढऱ्या पेशी तेच करतात, जंतू गिळून त्यावर एनओचा मारा. म्हणजे त्याच जागी, त्याच वेळी आणि पुरेसा, ही तिन्ही जमायला हवीत, आणि वायू असलेल्या रेणूच्या बाबतीत ती गोळीने किंवा इंजेक्शनने जमत नाहीत. उजेडाने जमतात. लॅम्प कुठे धरला, किती वेळ धरला, किती जोरात, यावर डोस ठरतो, आणि लॅम्प बंद केला की डोस बंद.

कॅन्सरसाठी उजेड वापरणं नवीन नाही, फोटोडायनॅमिक थेरपीत पॉर्फिरिनसारखा पदार्थ देऊन लाल प्रकाश टाकतात आणि तो ऑक्सिजनला भडकवून पेशी मारतो. पण त्याला ऑक्सिजन लागतो, आणि घट्ट गाठीच्या आत ऑक्सिजनच कमी असतो. एनओ सुटायला ऑक्सिजन लागत नाही, बंध तुटायला फोटॉन पुरतो. माझ्या मते या सगळ्या विषयाचं खरं बळ इथे आहे.

अडचण रंगाची. आपल्या कातडीतून आणि मांसातून निळा किंवा अतिनील प्रकाश आत जातच नाही म्हटलं तरी चालेल, हिमोग्लोबिन आणि मेलॅनिन तो वरच्या वर खाऊन टाकतात. मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरून बघा, पलीकडे येतो तो लालच. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर ही त्यातल्या त्यात मोकळी खिडकी, त्याच्यापुढे पाणी शोषायला लागतं. आणि आमची बरीचशी चांगली, टिकाऊ, पाण्यात शांत राहणारी रुथेनियम नायट्रोसिल (धातूवर एनओ बसलेली) कॉम्प्लेक्सेस एनओ सोडतात ती ३५० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान, म्हणजे नेमकी जिथे खिडकी बंद. लोखंडाची दृश्य प्रकाशाला उत्तर देतात पण बरीचशी नाजूक, पाण्यात फार टिकत नाहीत.

यावर सगळ्यात चिकाटीने काम केलं ते कॅलिफोर्नियात सांताक्रूझला प्रदीप मस्कराक यांच्या ग्रुपने. त्यांनी नायट्रोजनच्या पाच हातांनी धातूला धरणारा एक लिगँड बनवला, त्यात एक कार्बॉक्सअमाइड आहे, ब्लिओमायसिन औषधातल्या रचनेवरून सुचलेला, आणि २००२ च्या सुमारास त्याचं लोखंडाचं कॉम्प्लेक्स दाखवलं जे दृश्य प्रकाशात एनओ सोडतं. मग त्याच लिगँडवर मँगनीज बसवलं आणि ते आणखी लांब तरंगलांबीला, ५०० ते ६५० च्या पट्ट्यात काम करायला लागलं, पुढे लिगँडमध्ये क्विनोलीन घालून शोषण इन्फ्रारेडच्या उंबरठ्यापर्यंत ढकललं. रुथेनियमवर त्यांनी दुसरी युक्ती केली, सरळ रिसोरुफिनसारखा रंगीत डाय धातूलाच जोडला, डाय उजेड शोषतो आणि ऊर्जा पुढे देतो. मला ही दुसरी युक्ती जास्त आवडते, कारण रुथेनियमचा टिकाऊपणा हातचा जात नाही.

याच ग्रुपने मँगनीजची नायट्रोसिल कॉम्प्लेक्सेस पॉलिमर आणि सच्छिद्र सिलिकामध्ये भरून जंतूंवर वापरली, त्यात ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी होता. हे नाव ताईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "तो? तो आला की आमच्याकडे कोणाला झोप नसते." बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना गाठणारा जंतू. जखमेवर लावायची पट्टी, वरून साधा प्रकाश, आणि एनओ फक्त तिथेच. जखम वरच असल्यामुळे खोलीचा प्रश्न येत नाही. मला मनापासून वाटतं की हा विषय दवाखान्यात शिरला तर कॅन्सरच्या दाराने आधी शिरणार नाही, कातडीवरच्या जखमेच्या दाराने शिरेल.

आपल्याकडेही यावर काम झालंय. पवईला आयआयटी मुंबईत गौतम लाहिरी यांच्या ग्रुपने रुथेनियम नायट्रोसिलवर भरपूर केलंय, एनओवरचा इलेक्ट्रॉन नेमका कुणाचा हा प्रश्न त्यांनी फार बारकाईने लावून धरला. रुरकीच्या आयआयटीत कौशिक घोष यांच्याकडे प्रकाशाने एनओ सोडणारी रुथेनियम कॉम्प्लेक्सेस बनतात. आयसर पुण्यात हरिनाथ चक्रपाणी यांच्याकडे एनओ सोडणाऱ्या सेंद्रिय रेणूंवर काम चालतं, धातू नाही पण प्रश्न तेच. एमएस्सीवाल्यांनो, प्रोजेक्ट शोधताय तर या तिघांचे पेपर आधी वाचा. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यात रिबेराव प्रेतोला तर या एका विषयाची मोठी परंपरा आहे, तिथले रुथेनियमचे पेपर वाचल्याशिवाय माझं एक पानही झालं नसतं.

खोल गाठींसाठी मात्र वेगळाच मार्ग लागतो. सांता बार्बराचे पीटर फोर्ड यांनी या क्षेत्रात उभी हयात घातली, आणि त्यांच्या ग्रुपने वापरलेली एक कल्पना अशी, की यटर्बियमसारखे धातू घातलेले नॅनोकण ९८० नॅनोमीटरचा न दिसणारा प्रकाश दोन-दोन फोटॉन गोळा करून दिसणाऱ्या प्रकाशात बदलतात, तर त्या कणांच्या शेजारी एनओ धरलेलं कॉम्प्लेक्स ठेवायचं. शेजारी ठेवलं ते पण कोण, तर रुसँ यांनी १८५८ मध्ये बनवलेलं लोखंड-गंधक-एनओचं काळं मीठ, एका रेणूत सात एनओ. दीडशे वर्षं जुनं मीठ आणि काल-परवाचे नॅनोकण एकत्र, मला हे फार सुंदर वाटतं. यातही ९८० ला पाणी थोडं शोषतंच आणि मांस तापतं, म्हणून आता निओडिमियम घालून ८०८ नॅनोमीटरला चालणारे कण लोक करून बघतायत.

एक तक्रार आहे, ती लिहून थांबते. पेपरमागून पेपर येतात, नवा लिगँड, नवा स्पेक्ट्रम, क्वांटम यील्डचा आकडा, आणि एनओ निघून गेल्यावर जे धातूचं उरतं त्याबद्दल दोन ओळी. ते उरलेलं पण पेशंटच्या अंगातच राहणार आहे ना. नायट्रोप्रुसाइडने आपल्याला हेच शिकवलंय, नुसता एनओ बघून भागत नाही, मागे राहिलेल्या पाच सायनाइडांचाही धोका असतो. त्यामुळे यापुढे कोणाचंही नवीन कॉम्प्लेक्स बघितलं की मी तीनच गोष्टी आधी शोधते: अंधारातला कंट्रोल (फॉइलवाल्या व्हायलसारखा), लाल प्रकाशातला आकडा, आणि एनओ गेल्यानंतरच्या उरलेल्या तुकड्याची पेशींवरची टेस्ट. तिसरी बहुतेक वेळा सापडत नाही. कोणी करत असाल तर मला जरूर कळवा, मला ते वाचायचंय.